परतीपासून सुरुवात करा: सरत्या हिवाळ्यातली संध्याकाळची ट्रेल राइड

सरत्या हिवाळ्यात संध्याकाळी सायकल काढावीशी वाटते याला कारणं आहेत. दिवस मोठा व्हायला लागलेला असतो, दुपारचं ऊन अंगाला बरं वाटतं, आणि दिवसभराचं काम आटोपल्यावरही बाहेर थोडा उजेड शिल्लक असतो. फसगत होते ती इथेच. ऊन बघून माणूस पातळ कपड्यांत निघतो, मजेत पुढे पुढे जात राहतो, आणि मागे वळला की उजेड, ऊब आणि पायांतला दम तिन्ही एकदमच ओसरायला लागतात. म्हणून या राइडची आखणी उलटीकडून करायची: आधी परतीचा रस्ता, मग जाण्याचा. डांबरी रस्त्यावर बऱ्यापैकी सायकल चालवता येते, पण मातीच्या ट्रेलवर, तेही दिवेलागणीच्या सुमारास, पहिल्यांदाच जायचंय अशा लोकांसाठी हे लिहितोय.

१. आधी घड्याळ बघा

सूर्यास्ताची त्या दिवशीची नेमकी वेळ काढा. सूर्य मावळला म्हणजे लगेच अंधार होत नाही. तो क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंत वाट दिसण्याइतका उजेड उघड्यावर राहतो, यालाच नागरी संधिप्रकाश म्हणतात. विषुववृत्ताच्या जवळपास हा काळ २० ते २२ मिनिटांचा असतो, ५० अंश अक्षांशाच्या आसपास अर्ध्या तासाहून थोडा जास्त. दाट झाडीत किंवा दरीत मात्र एवढी सवलत मिळत नाही, तिथे हा हिशोब अर्धाच धरा.

आता मागून मोजत या. समजा सूर्यास्त ६:१० ला आहे आणि ६:३५ पर्यंत अंधुक दिसेल. तुम्हाला ट्रेलच्या तोंडाशी ६:३० ला पोचायचंय. येताना वेग कमी होतो, म्हणून जाण्यापेक्षा साधारण चौथाई वेळ जास्त धरा. जाताना ४० मिनिटं लागली तर येताना ५०. म्हणजे ५ वाजता निघायचं आणि ५:४० ला मागे वळायचं. वाट कितीही सुंदर असो, 'त्या पुढच्या वळणापर्यंत जाऊन येऊ' हा आग्रह कुणीही धरो, ५:४० म्हणजे ५:४०. फोनमध्ये गजर लावून ठेवा, कारण रंगात आलेला माणूस घड्याळाकडे बघत नाही.

हा हिशोब दर आठवड्याला नव्याने करा. वसंत संपात, म्हणजे मार्चमधला दिवस-रात्र समान असण्याचा दिवस, जवळ येतो तसा दिवस सगळ्यात झपाट्याने वाढतो. उंच अक्षांशांवर दोन आठवड्यांत सूर्यास्त २० मिनिटांनी किंवा त्याहूनही पुढे सरकतो. विषुववृत्ताजवळ तो जवळपास जागचा हलत नाही.

२. वाट निवडताना

पहिल्या काही संध्याकाळी गोल फेरीचा मार्ग घेऊ नका. गेलात त्याच वाटेने परत या. कंटाळवाणं वाटेल, पण जाताना उजेडात पाहिलेला प्रत्येक दगड, प्रत्येक मूळ आणि घसरडा कोपरा येताना अंधुक प्रकाशात तुमच्या ओळखीचा असतो. गोल फेरीत सगळ्यात अनोळखी भाग नेमका सगळ्यात कमी उजेडात वाट्याला येतो.

चढ-उतार असेल तर जाताना उतार आणि येताना चढ असा मार्ग मी निवडेन. बरेच जण याच्या उलट सांगतात: ताजेतवाने असताना चढून घ्या, येताना आरामात उतरा. दिवसा हे बरोबर आहे. संध्याकाळी मात्र चढताना घामाने भिजलेलं अंग घेऊन, मावळत्या उजेडात, वेगाने खाली यायचं म्हणजे थंडी आणि पडण्याची भीती दोन्ही एकाच वेळी. चढ चढत परतलात तर वेग कमी असतो, साधा दिवाही पुरतो, आणि अंगात ऊब राहते. फक्त तळाशी पोचल्यावर पायांत दम शिल्लक ठेवायला हवा. वाऱ्याचं मात्र उलट. जाताना वारा तोंडावर घ्या, येताना पाठीवर.

आणखी एक बघायचं: मावळतीचा सूर्य. सूर्यास्ताआधीच्या अर्ध्या तासात पश्चिमेकडे तोंड करून चालवलं तर ऊन सरळ डोळ्यांत येतं आणि झाडांच्या लांब सावल्यांमध्ये खड्डे लपतात. शक्य असेल तर त्या वेळी सूर्य पाठीशी राहील अशी दिशा धरा.

बऱ्याच ठिकाणी ट्रेल सूर्यास्तानंतर बंद असतात, काही ठिकाणी सायकलला फक्त ठरावीक वाटांवर परवानगी असते. पाटी वाचा, आधी चौकशी करा. जंगलाच्या हद्दीत ही बाब हलक्यात घेऊ नका.

३. जमीन काय म्हणते

सरत्या हिवाळ्यातली माती हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. जिथे जमीन गोठते तिथे दिवसा उन्हाने वरचे काही सेंटीमीटर वितळतात, खालचा थर मात्र अजून गोठलेलाच असतो. वितळलेल्या पाण्याला खाली झिरपायला जागाच नसते. परिणामी टणक तळावर पसरलेला गुळगुळीत चिखल तयार होतो, आणि दिवसभर ऊन खाऊन तो नेमका दुपार कलताना सर्वांत वाईट अवस्थेत असतो. सूर्य गेला की तोच चिखल वरून पुन्हा गोठायला लागतो. दुपारी कुणी पाडलेल्या चाकोऱ्या आता दगडासारख्या कडक झालेल्या असतात, आणि पुढचं चाक एकदा त्यात अडकलं की हँडल वळवून बाहेर निघत नाही.

नियम सोपा ठेवा. ट्रेलवर शंभर पावलं सायकल चालवा, थांबा, मागे वळून बघा. चाकाचा नुसता ठसा उमटला असेल तर ठीक. बोटाचं पेर बुडेल एवढी खोल चर पडली असेल, किंवा टायरला माती थापली जाऊन फ्रेमला घासत असेल, तर तो ट्रेल आज तुमच्यासाठी बंद. त्या चरा पुढे पावसाचं पाणी वाहून नेतात आणि वाट कायमची खचते. अशा दिवशी खडीचे रस्ते, जुन्या रेल्वेमार्गावरच्या वाटा किंवा वाळूमिश्रित, पाणी लवकर निचरा होणारी जमीन शोधा. वाटेत एखादंच डबकं असेल तर त्याच्या मधून जा, कडेने नको. कडेने जाणारा प्रत्येक जण वाट हातभर रुंद करत असतो.

जिथे बर्फ पडत नाही तिथे संकट उलटं असतं: पाचोळा आणि धूळ. कडक जमिनीवर पसरलेली बारीक भुसभुशीत माती पुढच्या चाकाला पकड देत नाही, वळणावर चाक अचानक पायाखालून निसटतं. पाचोळ्याखाली काय आहे ते दिसत नाही, दगड असेल किंवा खड्डाही असेल. दोन्हीवर उपाय एकच. वळणाच्या आधी सरळ रेषेत ब्रेक मारून वेग कमी करा, वळणात ब्रेकला हात लावू नका.

लाकडी पूल आणि ओली मुळं यांचा वेगळा उल्लेख करायलाच हवा. पुलाला वरून आणि खालून दोन्हीकडून थंड हवा लागते, त्यामुळे आजूबाजूची जमीन ओली असतानाच त्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा धरतो. तो दिसत नाही, फळ्या नुसत्या ओल्या वाटतात. शंका आली की उतरा आणि सायकल हातात धरून चालत जा. मुळांवर चाक काटकोनात न्या, पेडल मारू नका, ब्रेक दाबू नका, सायकलला आपल्या वेगाने जाऊ द्या.

४. कपडे: निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे

दारात उभं असताना छान उबदार वाटत असेल तर तुम्ही जास्त कपडे घातलेत. दहा मिनिटांत घाम येईल, आणि घामाने ओला झालेला कपडा परतीच्या वाटेवर तुमचा वैरी होईल. अंगालगत सुती नको. सुती कपडा पाणी धरून ठेवतो. लोकरीचा किंवा घाम लवकर सुकवणारा कपडा आत, त्यावर एक ऊबदार थर, आणि वारा अडवणारं पातळ जॅकेट घडी घालून खिशात. हे जॅकेट मागे वळण्याच्या ठिकाणी, थांबल्या थांबल्या, थंडी वाजायच्या आधी घालायचं. हुडहुडी भरल्यावर घातलं तर अंग पुन्हा गरम व्हायला फार वेळ लागतो.

वाऱ्याचा परिणाम लोक कमी लेखतात. हवा ५ अंश सेल्सिअस असेल आणि तुम्ही ताशी २० किलोमीटरने जात असाल तर उघड्या त्वचेला ती १ अंशासारखी जाणवते. आभाळ निरभ्र असेल तर सूर्य गेल्यावर जमीन आपली उष्णता भराभर सोडते, आणि थंड, जड हवा ओढ्याच्या खळग्यांत साचून राहते. टेकाडावरून खाली ओढ्यात शिरताना एकाएकी गारवा अंगाला झोंबतो तो यामुळेच. हवामानाचा अंदाज ३ अंश म्हणत असला तरी अशा खळग्यात जमिनीवर हिम धरू शकतं.

पैसे आणि लक्ष हातमोज्यांवर जास्त खर्च करा. हात गारठले की ब्रेकचा अंदाज जातो, आणि सायकलवर सगळं ब्रेकवर आहे. पण इतके जाडही नकोत की लिव्हरवर एक बोट ठेवता येणार नाही. कान झाकणारी पातळ पट्टी हेल्मेटखाली बसते. चष्मा पारदर्शक काचेचा हवा. उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचा थंडीत पुन्हा पारदर्शक व्हायला जास्त वेळ घेतात, म्हणून झाडीत शिरताना त्या दगा देतात.

५. दिवे

अंधाराआधी परतायचं असलं तरी दिवा घ्यायचाच. पंक्चर झालं की सगळा हिशोब कोलमडतो.

नवशिक्याला हँडलवर ६०० ते ८०० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) एक दिवा पुरतो. त्याच्या जोडीला हेल्मेटवर छोटा दिवा असेल तर उत्तम, कारण दोघांचं काम वेगळं आहे. हँडलवरचा दिवा खालून प्रकाश टाकतो, त्यामुळे दगडामागे आणि खड्ड्यात सावली पडते आणि खोली कळते. हेल्मेटवरचा दिवा डोळ्यांच्या जवळून प्रकाश टाकतो, सावली जवळजवळ पडतच नाही आणि सगळं सपाट दिसतं. पण तुम्ही जिकडे बघाल तिकडे तो जातो, वळणाच्या पलीकडे हँडलचा दिवा पोचत नाही तिथे तोच कामाला येतो. कडक थंडीत हेल्मेटच्या दिव्यात आपल्याच श्वासाची वाफ पांढरी चमकते आणि क्षणभर काही दिसेनासं होतं. अशा वेळी तो मंद करा आणि हँडलच्या दिव्यावर भिस्त ठेवा. मागे लाल दिवा लावाच, कारण ट्रेलपर्यंत जायला बहुधा रस्ता लागतोच.

वेग दिव्याप्रमाणे ठरवा. ताशी २० किलोमीटरने तुम्ही सेकंदाला साडेपाच मीटर जाता. काही दिसून ब्रेकवर बोट दाबेपर्यंत दीड सेकंद गेला तर तेवढ्यात ८ मीटर संपतात, आणि निसरड्या मातीत थांबायला आणखी ५ मीटर सहज लागतात. म्हणजे १५ मीटरपर्यंत स्पष्ट दिसत नसेल तर २० चा वेगही जास्तच. ताशी ३० ला हे अंतर २४ मीटरच्या घरात जातं. ब्रेक दाबल्यापासून थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, हे उतारावर लक्षात ठेवा.

लिथियम बॅटरी थंडीत लवकर उतरते. खोक्यावर छापलेल्या तासांवर विसंबू नका, लागेल त्याच्या दुप्पट वेळ चालेल असा दिवा घ्या आणि तो मधल्या प्रखरतेवर वापरा. फोन आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा. आणि संधिप्रकाशात डोळे अंधाराला सरावत असताना फोनचा झगझगीत पडदा बघू नका. डोळे पुरते सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि ती कमाई एका नजरेत जाते.

रंगांचंही सांगतो. कातरवेळी लाल रंग सगळ्यात आधी काळपट होतो, निळे-हिरवे रंग त्या मानाने उजळ राहतात. एकोणिसाव्या शतकात यान पुर्किंये या चेक शास्त्रज्ञाने हे टिपलं, म्हणून या परिणामाला त्याचं नाव आहे. तेव्हा लाल जॅकेट घालून आपण उठून दिसतो असं समजू नका. झगझगीत पोपटी-पिवळा रंग उजेडात आणि कातरवेळी चांगला, पण मिट्ट अंधारात त्याचा उपयोग नाही. तिथे प्रकाश परतवणाऱ्या पट्ट्याच लागतात. त्या घोट्याला बांधा. वरखाली होणारी चमक दिसली की समोरच्याला हा सायकलवाला आहे हे चटकन कळतं.

६. सायकल आणि पिशवी

टायरची हवा घरात नव्हे, बाहेरच्या तापमानात तपासा. २० अंशांच्या खोलीत २५ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) भरली तर बाहेर शून्य अंशाला ती २२ च्या आसपास उतरते. मातीसाठी थोडी कमी हवा बरी, पण रिम दगडावर आपटण्याइतकी कमी नको. ब्रेक दाबून बघा, लिव्हर हँडलला टेकत असेल तर निघूच नका.

पिशवीत एक ट्यूब, टायर लिव्हर, पंप, मल्टीटूल, चेनची जोडकडी, छोटी टॉर्च, शिट्टी, पाणी आणि काहीतरी खायला. पण सामान असणं वेगळं आणि वापरता येणं वेगळं. घरी एकदा दिवे मालवून, हातमोजे घालून मागचं चाक काढा आणि परत बसवा. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, डिस्क ब्रेक असेल आणि चाक बाहेर असताना चुकून लिव्हर दाबला गेला, तर दोन्ही पॅड एकमेकांना चिकटतात आणि डिस्क आत जाईनाशी होते. मग पॅड सपाट हत्याराने हलकेच फाकवावे लागतात. हे पहिल्यांदा अंधारात शिकायचं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. पंक्चर काढल्यावर नवी ट्यूब टाकायच्या आधी टायरच्या आतून बोट जपून फिरवा. काटा अजून तिथेच असतो.

७. वाटेवर

निघण्याआधी कुठल्या वाटेने जाताय आणि किती वाजता परतणार हे घरी एकाला सांगा, आणि उशीर झाला तर त्याने काय करायचं तेही ठरवा.

पायी चालणाऱ्यांना आणि घोड्यांना वाट द्या. समोरून चढून येणाऱ्या सायकलवाल्यालाही द्या, त्याला पुन्हा सुरुवात करणं जड जातं. मागून जाताना घंटी वाजवा किंवा बोला. कुणी समोर आलं की हेल्मेटचा दिवा खाली वळवा, नाहीतर त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. लुकलुकणारा दिवा ट्रेलवर नकोच, त्याने खोलीचा अंदाज चुकतो.

तिन्हीसांजेला बरेच प्राणी बाहेर पडतात. दिव्यात आधी त्यांचे डोळेच चमकतात. हिरवट-पिवळी जोडी दिसली की थांबा, शांतपणे बोला, त्यांना जायला वाट द्या. मधे घुसू नका, पाठलाग तर नाहीच. एक प्राणी रस्ता ओलांडून गेला म्हणजे मोकळं झालं असंही नाही, मागून दुसरा येत असतो.

सोबत कुणी असेल तर त्याच्यावर लक्ष ठेवा. हुडहुडी भरणं हा पहिला इशारा. बोलणं अडखळायला लागलं, जॅकेटची साधी चेन ओढताना बोटं चुकायला लागली, तर राइड तिथेच संपली. वारा लागणार नाही अशी जागा गाठा, ओले कपडे बदला, गोड काहीतरी खायला द्या. थंडी कायम असताना हुडहुडी थांबली तर ती सुधारणा नव्हे, तो धोका आहे. लगेच मदत मागवा. भारतात आणि युरोपात आपत्कालीन क्रमांक ११२ आहे, इतरत्र जाणार असाल तर तिथला क्रमांक आधीच पाहून ठेवा.

८. घरी आल्यावर

आधी ओले कपडे बदला, सायकल नंतर. चिखल ओला असतानाच कमी दाबाच्या पाण्याने धुवा. जोराची धार बेअरिंगमध्ये पाणी घुसवते. चेन फडक्याने कोरडी करून तेल घाला आणि जादाचं तेल पुसून टाका. डिस्कवर एक थेंबही जाऊ देऊ नका, ब्रेक निकामी होतात. गारठलेला दिवा लगेच चार्जिंगला लावू नका. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर कायमची बिघडते, तेव्हा ती आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. आणि प्रत्यक्ष परत यायला किती मिनिटं लागली ते कुठेतरी लिहून ठेवा, पुढच्या वेळी चौथाई धरायची की तिहाई, ते त्यावरूनच ठरेल.